लेबलवरचं गाव

२०२५ साली गणपती बसले २७ ऑगस्टला. इथे न्यू जर्सीत तो नुसता बुधवार होता, सुट्टी कसली, म्हणून पहाटे पाचला उठून मी मोदकांची उकड काढत होते. सव्वासहाला फोन वाजला. सोलापूरहून दादा, माझा मावसभाऊ. तिकडे पावणेचार वाजले असतील. प्राणप्रतिष्ठा झाली का, विचारायला फोन असेल असं वाटलं.

"लागलं गं ते," तो म्हणाला. "आजपासून लागलं की."

ते म्हणजे टॅरिफ. भारतातून अमेरिकेत येणाऱ्या मालावर २५ टक्के जादा कर महिन्याच्या सुरुवातीला बसलाच होता, त्यावर आणखी २५ टक्के नेमके गणपतीच्या दिवशी मध्यरात्रीपासून लागू झाले. माझ्या हाताला उकड चिकटलेली, फोन स्पीकरवर, आणि दादा गप्प. दादा गप्प बसणारा माणूस नाही.

थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दादाचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. अकरा माग, चौदा माणसं. आणि मी इथे, नोकरी सांभाळून, त्याचे टॉवेल आणि चादरी मागवते. सुरुवात मैत्रिणींपासून झाली, मग दोन-तीन दुकानं मिळाली, मग पेनसिल्व्हेनियातल्या एका पाहुणेघराच्या मालकिणीने आंघोळीचे टॉवेल घ्यायला सुरुवात केली. तिच्या ओळखीने आणखी चार पाहुणेघरं आली. त्या वर्षीची ऑर्डर आजवरची सगळ्यांत मोठी होती, ६००० टॉवेल. दादाने तिच्या जोरावर दोन माग नवे घेतले होते, कर्ज काढून.

आता हिशोब बघा. एका टॉवेलची दादाकडची किंमत चार डॉलर, म्हणजे माल २४ हजार डॉलरचा. सुती टेरी टॉवेलवर इथे मुळातच ९.१ टक्के ड्युटी आहे. त्यात हे पन्नास मिळवले की झाले ५९.१ टक्के. १४ हजार १८४ डॉलर नुसते बंदरावर भरायचे. २७ ऑगस्टच्या आधी बोटीवर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरच्या आत इथे पोचून कस्टममधून सुटणाऱ्या मालाला जादा पंचवीसमधून सूट होती. पण आमचा माल अजून मागावरच होता. न्हावाशेव्यातून न्यूयॉर्क बंदरात यायला बोटीला महिना-सव्वा महिना लागतो. सूट आमच्यासाठी नव्हतीच.

तीन दिवसांनी दादाचा परत फोन आला. या वेळी आवाजात जीव होता.

शारजात एक माणूस आहे, तो म्हणाला. आपण टॉवेल कापायचे नाहीत, शिवायचे नाहीत, नुसती थानं पाठवायची. तो तिथे कापणार, कडा मुडपून शिवणार, लेबल लावणार, गठ्ठे बांधून तुझ्याकडे रवाना करणार. लेबलवर 'मेड इन यूएई'. तिथल्या मालावर टॅरिफ फक्त दहा टक्के. सर्टिफिकेटसुद्धा तोच काढून देतो, एका टॉवेलमागे तीस सेंट घेतो.

मी मनातल्या मनात आकडा मांडला. ९.१ अधिक १०, म्हणजे १९.१ टक्के. ४ हजार ५८४ डॉलर. वाचणार ९ हजार ६००. शारजाच्या माणसाचे १८०० आणि जादा वाहतूक वजा केली तरी ऑर्डर वाचत होती, माग वाचत होते.

"आणि हे बघ," दादा म्हणाला, "खोटं काही नाही यात. शिलाई खरंच तिथं होणार आहे की. आपण काय चोरी करतोय का?"

मला एकदम नाही म्हणता आलं नाही. वडील वारल्यावर याच दादाने माझ्या इंजिनीअरिंगच्या दोन वर्षांची फी भरली होती. तो कधी बोलून दाखवत नाही, म्हणून तर ते जास्त आठवतं. "दादा, मला दोन दिवस दे," एवढंच मी म्हणाले.

खरं सांगायचं तर 'खोटं काही नाही यात' हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

टॉवेलच्या आधी मी मेतकूट विकायचे. २०२२ ची गोष्ट. तासावर भाड्याने मिळणारं एक स्वयंपाकघर घेतलं होतं, तिथे शनिवारी सगळं भाजायचं, दळायचं, आणि रविवारी शेतकरी बाजारात टेबल मांडायचं. मऊ भात, तूप, मेतकूट. अमेरिकन लोकांनाही चव आवडायची, नाव तेवढं कुणाला म्हणता यायचं नाही. लेबल माझ्या मुलाने बनवलं होतं, झकास. वर तांब्याचं पातेलं आणि खाली छोटा अमेरिकन झेंडा, त्याच्या शेजारी 'मेड इन यूएसए'. हजार लेबलं छापली. मी इथे भाजलं, इथे दळलं, इथे डब्यात भरलं, मग आणखी काय हवं?

एका रविवारी एक सत्तरीच्या बाई आल्या. डबा हातात घेऊन मागची यादी चष्मा सारून वाचली आणि अगदी सहज विचारलं, "यातलं इथे काय काय पिकतं?"

मी म्हटलं, गहू. तांदूळ. मग हरभऱ्याच्या डाळीपाशी अडखळले. बाई हसून डबा घेऊन गेल्या. त्यांना काही पकडायचं नव्हतं, उत्सुकता होती फक्त. मी मात्र त्या रात्री घरी येऊन डब्यांऐवजी मूळ पिशव्या उपसल्या आणि एकेक वाचत बसले.

हा उद्योग तुम्हीही एकदा करून बघा. आपण 'इंडियन ग्रोसरी' म्हणून जे आणतो त्याच्या पिशवीवर मागे, बारकोडजवळ, बारीक अक्षरात देशाचं नाव असतं. माझी हरभऱ्याची डाळ ऑस्ट्रेलियाची निघाली. मसूर कॅनडाची. तूर मलावीची, आणि मला आफ्रिकेत मलावी नेमका कुठे ते नकाशात बघावं लागलं. वेलची ग्वाटेमालाची. लवंग मादागास्करची. खसखस तुर्कस्तानची. हळद मात्र आपली, भारताची. आणि हिंग? पिशवीवर भारत होतं, पण हिंगाचं झाड भारतात परंपरेने पिकतच नाही. त्याचा चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो आणि आपल्याकडे त्यात पीठ, डिंक मिसळून वापरायचा हिंग तयार होतो. हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपं लावायला सुरुवात झाली ती २०२० मध्ये. तोवर आजीच्या फोडणीचा वास निम्मा काबूलचा होता, आणि आपल्याला पत्ता नाही.

मेतकुटात मी घालायचे त्या अकरा जिनसांपैकी अमेरिकेचे होते दोन. गहू आणि तांदूळ. आणि वर झेंडा.

मग नियम वाचला. तो आधी वाचायला हवा होता, हे कबूल. इथे फेडरल ट्रेड कमिशन नावाची सरकारी यंत्रणा आहे. ती म्हणते, 'मेड इन यूएसए' असं विनाअट लिहायचं असेल तर वस्तू इथे पूर्ण झालेली हवी, तिच्यावरची सगळी महत्त्वाची प्रक्रिया इथे झालेली हवी, आणि तिच्यातलं सगळं किंवा जवळजवळ सगळं सामान इथलं हवं. धोरण जुनंच, पण २०२१ च्या ऑगस्टपासून त्याला रीतसर नियमाचं रूप आलं आणि दंडही लागला. आज तो एका उल्लंघनाला पन्नास हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. 'जवळजवळ सगळं' म्हणजे किती टक्के, हे केंद्राच्या नियमात लिहिलेलं नाही. कॅलिफोर्निया राज्याने तेवढा आकडा दिला आहे: परदेशी भाग घाऊक किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, आणि ती वस्तू अमेरिकेत मिळतच नसेल तर दहा टक्क्यांपर्यंत. माझ्या मेतकुटात चिमूटभर हिंगच काय तो परदेशी असता तर कदाचित भागलं असतं. इथे अख्खी डाळच बाहेरची होती. आणि शब्द गाळून नुसता झेंडा ठेवला तरी सुटका नाही, चित्रातूनही गिऱ्हाइकाची तीच समजूत होत असेल तर तोही दावाच धरला जातो.

उरलेल्या सव्वासातशे लेबलांवर आम्ही तीन रात्री बसून पांढरी चिकटपट्टी लावली. नवरा म्हणाला, "कोण बघतंय?" मी म्हटलं, "एका बाईंनी बघितलं." नंतरच्या लेबलावर लिहिलं, न्यू जर्सीत भाजून दळलेलं, घटक अमेरिकेतले आणि आयात केलेले. खप कमी झाला नाही. वाढलाही नाही. मेतकुटाचा धंदा पुढे भाडं परवडेना म्हणून बंद केला, लेबलामुळे नव्हे.

म्हणून दादाचं बोलणं ऐकताना मला पातेलं आणि झेंडा दिसत होते.

पण मेतकूट वेगळं आणि टॉवेल वेगळे, हेही माहीत होतं. तिथे दावा मी हौसेने केला होता. बाहेरून आणलेल्या मालावर देशाचं नाव ही हौस नाही, सक्ती आहे. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्याप्रमाणे परदेशी वस्तूवर तिच्या मूळ देशाचं नाव इंग्रजीत, सहज दिसेल, वाचता येईल आणि टिकेल असं लिहावं लागतं. खरा वाद पुढे सुरू होतो. एका देशात पिकलं, दुसऱ्यात कापलं, तिसऱ्यात शिवलं, तर मूळ देश कोणता?

सर्वसाधारण उत्तर असं: शेवटचा जिथे वस्तूचा कायापालट झाला, ती नवं नाव, नवे गुण, नवा उपयोग घेऊन निघाली, तो देश. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मजा आहे. हिरवी कॉफी भाजली की कस्टमवाल्यांच्या लेखी तिचा कायापालट होतो. पिस्ते भाजले, खारवले, वर रंगवले तरी होत नाही, पिस्ता तो पिस्ताच. १९८६ मध्ये संत्र्याच्या रसाचा खटला गाजला होता. परदेशातून आटवलेला रस आणायचा, इथे त्यात पाणी आणि सुगंध घालून बाटलीत भरायचा, आणि मूळ देश लिहायचा नाही, असं चाललं होतं. कोर्टाने सांगितलं, रसाचा रसच राहिला, मूळ देश लिहा. आपल्या आयांनी हे कोर्टाशिवाय सांगितलं असतं. ताकात पाणी घातलं म्हणून त्याचं सरबत होत नाही.

कापडाचे नियम मात्र स्वतंत्र आहेत आणि ते मोघम नाहीत. चादरी, टॉवेल, पडदे अशा घरगुती कापडात काही मोजके अपवाद सोडले तर सुती मालाचा मूळ देश म्हणजे जिथे कापड विणलं गेलं तो. कापूस कुठल्या शेतातला, ते नाही. सूत कुठल्या गिरणीचं, तेही नाही. कुठे कापला, कुठे कडा शिवल्या, कुठे लेबल लावलं, यातलं काहीच नाही. कारण उघड आहे. टॉवेल हा टॉवेल होतो मागावर. त्याचे फासे तिथे उठतात, रुंदी तिथे ठरते, दोन टॉवेलांमधली कापायची मोकळी पट्टीसुद्धा विणतानाच सोडलेली असते. शारजाच्या माणसाने फक्त कात्री चालवायची होती.

तरी खात्री करावी म्हणून माझ्या कस्टम ब्रोकरला विचारलं. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "माग कुठे आहे?" मी सांगितलं. "मग झालं की," तो म्हणाला, "भारत." पुढे त्याने जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. कागदावर आयातदार म्हणून सही माझी. चुकीचा देश दाखवला तर बुडवलेल्या ड्युटीच्या वर दंड, तोही माझा. कागद पाच वर्षं जपून ठेवायचे आणि कधीही मागितले तर दाखवायचे. मार्ग वळवून आणलेल्या मालावर ४० टक्के वेगळा कर लावायचा हुकूमही त्याच ऑगस्टमध्ये लागू झाला होता. आणि शिक्का मुद्दाम काढला किंवा लपवला तर पहिल्याच गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड, वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२२ मध्ये उटाहमधल्या एका कपड्यांच्या कंपनीने चीन आणि इतर देशांतून आणलेल्या टी-शर्टांची मूळ लेबलं काढून 'मेड इन यूएसए' लावली होती, तिला फेडरल ट्रेड कमिशनने २ लाख ११ हजार ३३५ डॉलर भरायला लावले. २०२४ मध्ये घरसामान विकणाऱ्या एका बड्या कंपनीला ३१ लाख ७५ हजार. त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा असतात. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि नागरिकत्वाचा अर्ज चाललाय.

भीतीपोटी मी नाही म्हणाले का? थोडी भीती होतीच, लपवत नाही. पण ब्रोकरचा फोन ठेवल्यावर मला आठवला तो दादाचा २०१८ चा अवतार. मी दिवाळीला गेले होते. बाहेर कुठेतरी विणलेल्या हलक्या चादरींवर 'सोलापुरी' छापून पुण्या-मुंबईच्या बाजारात विकतात, म्हणून तो जेवता जेवता ताटावरून उठला होता. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना जीआय मानांकन आहे. म्हणजे ते नाव त्या मातीतल्या विणकरांचं, कुणीही उचलून लावायचं नाही. "आमच्या गावाचं नाव चोरतात," असं तो ओरडत होता, आणि मावशी म्हणत होती, "अरे, आमटी निवतीये."

शुक्रवारी मी फोन केला. सगळं सांगितलं. तो ऐकत होता.

"म्हणजे शिवणाऱ्याची काही किंमतच नाही?"

"आहे ना. पण टॉवेल तुझा आहे. शिवला कुणीही तरी तुझाच."

"मग थानं तुझ्याकडंच पाठवतो. तुझ्या गॅरेजमध्ये दोन मशीन टाक. बायका शिवतील. 'मेड इन यूएसए' लाव, मेतकुटासारखं." मेतकुटाचा सगळा इतिहास त्याला माहीत होता, आणि ते त्याने मुद्दाम काढलं होतं.

मी म्हटलं, तसंही चालत नाही. इथे शिवला तरी कापड भारतात तयार झालं, हे लेबलवर लिहावंच लागतं. आणि कापड म्हणून आणलं तरी पन्नास टक्के चुकत नाहीतच.

तेव्हा तो चिडला. त्याचं बोलणं जसं होतं तसं लिहिते, कारण त्यात तथ्य आहे. "कर वाढवले त्यांनी. भांडण दिल्ली आणि वॉशिंग्टनचं. तेल कुणी कुणाकडनं घेतलं, माझ्या मागाचा काय संबंध? मोठमोठे लोक दुसऱ्या देशांत कारखाने हलवतात, त्याला धंदा म्हणतात. मी एक कात्री हलवतोय तर तू मला कायदा शिकवतीयस. तिकडं बसून सोपं आहे गं. पगार येतो तुझा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कारखाना खरोखर दुसऱ्या देशात हलवणं कायदेशीर आहे आणि त्याला भांडवल लागतं. अकरा मागांच्या माणसाला ते जमत नाही. त्याला परवडते ती फक्त लेबलची पट्टी. नियम दोघांना सारखाच आहे, एवढं म्हणता येतं, पण ते चौदा माणसांचा पगार करायचाय त्याला फोनवर सांगता येत नाही.

मी फक्त म्हटलं, "दादा, सही माझी आहे. मी नाही करणार."

त्याने फोन ठेवला. महिनाभर बोलला नाही. अनंत चतुर्दशी गेली, पितृपक्ष गेला. मावशीला फोन केला की ती म्हणायची, तो कारखान्यात आहे.

या दिवसांत मी पेनसिल्व्हेनियाच्या बाईंना सगळी परिस्थिती लिहून कळवली. शारजाचं सोडून. त्यांना ड्युटीचा आकडा दिला, टॉवेल कुठे आणि कसे विणले जातात त्याचे फोटो पाठवले. एक फोटो मागावर वाकलेल्या एका मामांचा होता. ते दादाच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत, तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात. बाईंचं उत्तर चार दिवसांनी आलं. सहा हजार जमणार नाहीत, पण तीन हजार घेईन, टॉवेलमागे ७५ सेंट जास्त देईन. आणि खाली एक ओळ: पाहुणे विचारतात हे टॉवेल कुठले, तर गावाचं नाव लेबलवर लिहिता येईल का?

लेबलवर देशाबरोबर गावही लिहायला कायद्याची आडकाठी नाही, खरं असलं म्हणजे झालं. लोकांना वाटतं 'मेड इन'ची पट्टी हा नेहमी मिरवायचा भाग. तिची सुरुवात मात्र नेमकी उलटी आहे. १८८७ साली इंग्रजांनी कायदा केला, कारण जर्मनीतल्या चाकू-कात्र्या शेफिल्डच्या नावाने खपवल्या जात होत्या. परदेशी माल ओळखू यावा आणि गिऱ्हाइकाने तो टाळावा, असा हेतू होता. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. माझे वडील 'मेड इन जर्मनी' लिहिलेली कात्री कुलपात ठेवायचे.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, मीच दादाला फोन केला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा वगैरे झालं. मग बाईंचं सांगितलं. तो म्हणाला, तीन हजारांत माझं व्याज सुटत नाही. मग म्हणाला, किती कमी करू? शेवटी त्याने टॉवेलमागे तीस सेंट सोडले, मी माझा नफा जवळपास सगळाच सोडला. तीन हजार टॉवेल, ३ डॉलर ७० सेंटने, ११ हजार १०० डॉलरचा माल. त्यावर साडेसहा हजार डॉलर ड्युटी मी भरली. आजवर एवढा मोठा चेक मी फक्त मुलाच्या कॉलेजला दिलेला आहे.

उरलेल्या तीन हजारांचं सूत आणून पडलं होतं. ते टॉवेल विणले गेले का, कुठे गेले, शारजाला गेले का, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दोन नव्या मागांपैकी एक त्याने दिवाळीनंतर विकला. चौदातले दोघे हैदराबादला गेले, कामाला. मामा आहेत.

लेबलचा मजकूर ठरवताना मात्र आमची पुन्हा गट्टी जमली. पाच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर नमुने येत-जात होते. शंभर टक्के सुती. त्याखाली मोठ्या अक्षरात 'मेड इन इंडिया'. त्याखाली बारीक अक्षरात 'वोव्हन इन सोलापूर'. मी सुचवलं, जीआयचं चिन्ह पण टाकूया का? दादा म्हणाला, "नको. त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, मी अजून नोंदवलेलं नाही. उद्या कोणी विचारलं तर?" मी फोनकडे बघतच राहिले. मग म्हटलं, "बरोबर आहे, दादा."

माल आला तेव्हा बर्फ पडत होता. गॅरेजमध्ये खोकी उघडून मी आणि नवरा एकेक गठ्ठा मोजत होतो. टॉवेलांना अजून खळीचा आणि थोडा मशीनच्या तेलाचा वास येत होता, धुतल्यावर जातो तो. एका लेबलचा फोटो काढून मावशीला पाठवला. चष्मा शोधून, नातीकडून वाचून घेऊन तिने फोन केला.

"सोलापूर लिहिलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण सोलापूर केवढं मोठंय. अक्कलकोट रोड का नाही लिहिलंस?"